चुकला फॉर्म, अवैध ठरला माणूस

फॉर्ममध्ये ओळखपत्राचा क्रमांक टाकायचा, पुढच्या चौकटीकडे वळायचं, आणि तेवढ्यात खाली लाल अक्षरं उमटायची : ‘आपला क्रमांक अवैध आहे.’ मग कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ धरायचं, एकेका अंकावर बोट ठेवून वाचायचं. क्रमांक तोच असतो. फॉर्मही आपलं तेच म्हणत राहतो.

‘अवैध’ या शब्दाकडे जरा थांबून पाहा. मराठीत बांधकाम अवैध असतं, दारू अवैध असते, वाळूउपसा अवैध असतो. वैध म्हणजे विधीला, कायद्याला धरून असलेलं. इंग्रजीतल्या ‘व्हॅलिड’ला दोन अंगं आहेत, एक कायद्याचं आणि दुसरं नुसतंच ‘साच्यात बसतंय’ एवढंच सांगणारं. प्रोग्रॅमरच्या मनात दुसरं होतं, भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशातून पहिलं उचललं, आणि क्रमांकातलं एक साधं गणित जुळलं नाही एवढ्यावरून मराठी फॉर्म माणसाला बेकायदा म्हणू लागला. हा घोळ भाषांतरापुरताच असता तर हसून सोडून दिला असता. पण ज्यांनी ही तपासणी बसवून घेतलेली असते त्यांच्याही डोक्यात बहुतेकदा हाच घोळ असतो. हिरवी खूण आली की माणूस खरा, लाल आली की काहीतरी काळंबेरं.

अशा तपासण्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे हे बाहेरून दगड मारणं नाही. मला इतकंच म्हणायचं आहे की ओळख क्रमांक तपासणारं सॉफ्टवेअर टंकणाऱ्याच्या मदतीला नेमलेलं आहे. आपण त्याला दारावर उभं करून आत कुणाला सोडायचं ते ठरवायला लावलं, आणि ते काम त्याला झेपणारं नाही.

मुळात ते करतं काय? पुष्कळ देशांच्या क्रमांकात शेवटी एक-दोन अंक किंवा अक्षर असं असतं की ते आधीच्या अंकांवरून गणिताने काढता येतं. त्याला तपासणी अंक म्हणतात. स्पेनचं सगळ्यात सोपं. आठ अंकी क्रमांक घ्या, २३ने भागा, उरलेल्या बाकीवरून ठरलेल्या तक्त्यातलं अक्षर लावा. १२३४५६७८ला २३ने भागलं तर बाकी १४, आणि चौदाच्या घरात झेड. हा नमुना क्रमांक तिथल्या प्रोग्रॅमरांच्या बोटांत इतका बसलेला आहे की चाचणीचा फॉर्म दिसला की तोच पडतो.

ही युक्ती संगणकांच्या सुळसुळाटाआधीची आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केला तो हातात धरून चालवायच्या एका यांत्रिक उपकरणासाठी. पेटंट मिळालं १९६० साली. हाताने क्रमांक उतरवणाऱ्या माणसाची चूक जागच्या जागी सापडावी, एवढाच त्यामागचा हेतू. क्रेडिट कार्डांपासून स्वीडनच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या ओळख क्रमांकांपर्यंत तीच रीत आजही चालते. तिला एक भोक आहे : शेजारी आलेले ० आणि ९ उलटे पडले तर तिला पत्ता लागत नाही. नेदरलँड्सचे गणिती याकोबस व्हर्होफ यांनी १९६९ साली ते बुजवलं. क्रमांक लिहिताना माणसं प्रत्यक्षात कशी चुकतात ते त्यांनी आधी पाहिलं. एखादाच अंक चुकणं ही सर्वांत मोठी चूक, शेजारचे दोन अंक उलटे पडणं ही त्याखालोखालची. मग त्यांनी अशी पद्धत बांधली की या दोन्ही प्रकारांतली एकही चूक सुटू नये. आधारचा बारावा अंक याच पद्धतीने निघतो.

लून काय, व्हर्होफ काय, दोघांच्या डोळ्यांपुढे चुकणारा माणूस होता. फसवणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता.

फसवणाऱ्याचा हिशेब करून पाहू. ० ते ९ मधला एकच तपासणी अंक असलेल्या क्रमांकात डोळे मिटून अंक ठोकले तरी दहातला एक क्रमांक पार होतो. सूत्र ठाऊक असेल तर दहाच्या दहा. आणि सूत्र गुप्त नसतंच, ते असायचं कारणही नाही. आधारचंच गणित मांडा. बारापैकी शेवटचा अंक सूत्राने ठरतो, पहिला अंक ० किंवा १ नसतो. म्हणजे पहिल्या अंकाला आठ पर्याय, पुढच्या दहांना प्रत्येकी दहा. सूत्रात बसणारे एकूण क्रमांक झाले आठ हजार कोटी. प्रत्यक्ष दिलेले सुमारे १४० कोटी. तपासणीतून सुटलेल्या दर शंभरांतले अठ्ठ्याण्णव क्रमांक जगात कुणाचेच नाहीत! हिरव्या खुणेवर विसंबून खातं उघडणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर मांडून पाहावा.

ब्राझीलचा करदाता क्रमांक तर गंमतच आहे. अकरा अंक, शेवटचे दोन तपासणीचे. आता नऊच्या नऊ जागी १ ठेवा. डावीकडून १०, ९, ८ असं करत २ पर्यंतच्या आकड्यांनी गुणून बेरीज केली की येतात ५४. त्याची दहापट ५४०, अकराने भागून बाकी १. हा पहिला तपासणी अंक. तो धरून दहा एकक झाले. त्यांना ११ पासून २ पर्यंत गुणलं की ६५, दहापट ६५०, बाकी पुन्हा १. म्हणजे ओळीने अकरा वेळा १ दाबणारा कंटाळलेला माणूस गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. अकरा दुक्के, अकरा तिक्के, सगळे निर्दोष. म्हणून तिथल्या नीट लिहिलेल्या तपासण्यांत ‘सगळे अंक सारखे असतील तर नको’ अशी एक वेगळी ओळ हाताने घालावी लागते. पोरकट दिसणारी ही एक ओळ पुष्कळ काही सांगून जाते.

बरं, क्रमांक सूत्रात बसला, शिवाय तो खरोखर कुणाला तरी दिलेलाही आहे, असं धरू. तरी समोरचा माणूस तोच कशावरून? अमेरिकेत १९३८ साली पाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीने खिशात सामाजिक सुरक्षा कार्ड कसं बसतं ते दाखवायला नमुन्याचं कार्ड घालून पाकिटं विकली. नमुन्यावर क्रमांक छापला तो कंपनीतल्याच एका सेक्रेटरीचा, खराखुरा. कार्ड आकाराने लहान, त्यावर लाल अक्षरांत ‘नमुना’ असं छापलेलं. तरीही लोकांनी पाकिटासोबत क्रमांकही आपलाच मानला. १९४३ साली ५,७५५ लोक तो वापरत होते. पुढच्या काळात सगळे मिळून चाळीस हजारांहून अधिक लोकांनी तो आपला म्हणून सांगितला. १९७७ सालीदेखील बारा जण तो वापरत असल्याचं आढळलं. यातल्या बहुतेकांना कुणाला फसवायचं नव्हतं. पण आज ही मंडळी नुसता आकार पाहणाऱ्या फॉर्मपुढे बसली तर प्रत्येकाला हिरवी खूण मिळेल, कारण क्रमांकाचा आकार चोख आहे. (अमेरिकेच्या या क्रमांकात तपासणी अंकच नाही, ही आणखी एक मजा.)

इथवर झालं ते ‘खोट्याला आत घेणं’. सुरक्षेची काळजी वाहणारे लोक याबद्दल बोलतात तरी. मला जास्त बोचते ती उलटी बाजू, खऱ्याला बाहेर ठेवणं. तिची नोंद कुठेच होत नाही, कारण ज्याला फॉर्मने परत पाठवलं तो कुठल्याच यादीत नसतो.

क्रमांकाचे नियम आपल्याला दगडावरची रेघ वाटतात, असतात ते सरकारी परिपत्रकासारखे. डेन्मार्कने १९६८ साली दहा अंकी क्रमांक आणला. पहिले सहा अंक जन्मतारखेचे, पुढचे चार अनुक्रमाचे, आणि सगळा क्रमांक ११च्या सूत्रात बसणारा, म्हणजे अंकांना ठरलेल्या आकड्यांनी गुणून केलेली बेरीज ११ने पूर्ण भागली जाणारा. सूत्राची चाळणी लावली की एका तारखेला वाटता येणारे क्रमांक काही शेकड्यांवर येतात. एका दिवशी तेवढी बाळं जन्मत नाहीत, तेव्हा काळजी नव्हती. पण परदेशातून येऊन वसलेल्या ज्या लोकांना नेमकी जन्मतारीख सांगता येत नव्हती, त्यांच्या नावापुढे १ जानेवारी लागत गेली. सगळ्यांचा वाढदिवस एकच! काही वर्षांच्या १ जानेवारीचे क्रमांक संपत आले, आणि ऑक्टोबर २००७ पासून सूत्रात न बसणारे क्रमांकही अधिकृतपणे देणं सुरू झालं. आता विचार करा, ते कुणाला मिळाले? आधीच परक्या देशात कागदपत्रं सांभाळत उभा असलेल्या माणसाला. आणि जुनी तपासणी लाल अक्षरांत ‘अवैध’ म्हणणार तीही नेमकी त्यालाच. असा माणूस भांडत नाही. आपल्याच कागदात काही खोट असेल म्हणून गप्प बसतो.

दक्षिण कोरियात ऑक्टोबर २०२० पासून नव्याने दिल्या जाणाऱ्या तेरा अंकी क्रमांकात लिंगदर्शक अंकानंतरचे सहाही अंक यादृच्छिक, म्हणजे सोडतीसारखे कसेही निवडलेले असतात. क्रमांकावरून माणूस कुठल्या भागातला हे ओळखता येऊ नये, हा त्यामागचा हेतू, आणि चांगलाच हेतू. पण त्या सहांत शेवटचा तपासणी अंकही गेला. जुनी तपासणी तशीच ठेवणाऱ्या फॉर्मच्या लेखी नव्या पिढीतले बहुतेक जण खोटे. फिनलंडमध्ये जन्मतारखेनंतर शतक दाखवणारं चिन्ह असतं : एकोणिसाव्या शतकाला अधिक, विसाव्याला आडवी रेघ, एकविसाव्याला ए. २०२३ पासून त्यात आणखी अक्षरांची भर पडली. स्वीडनमध्ये शंभरी गाठलेल्या माणसाची आडवी रेघ बदलून अधिकचं चिन्ह होतं, आणि तिथे तात्पुरते राहणाऱ्यांना जो समन्वय क्रमांक मिळतो त्यात दिवसाच्या आकड्यात ६० मिळवलेले असतात. तीन तारीख असेल तर त्रेसष्ट. ‘महिन्यात त्रेसष्टावा दिवस कसा असेल?’ असं वाटून तपासणीत ३१ची मर्यादा घालणारा प्रोग्रॅमर मूर्ख नसतो, फक्त त्याने नियमपुस्तिका पूर्ण वाचलेली नसते. चीनच्या अठरा अंकी क्रमांकात तपासणी अंक दहा आला की शेवटी एक्स लिहितात, म्हणजे साधारण अकरांतल्या एकाच्या वाट्याला तो येतो. अशांच्या पुढ्यात फोनने फक्त आकड्यांचा कळफलक काढून दिला तर त्यांनी करायचं काय?

कळफलकावरून आठवलं. क्रमांक म्हणजे संख्या असा समज या धंद्यातल्या निम्म्या दुखण्यांच्या मुळाशी आहे. ओळख क्रमांकांची कुणी बेरीज करत नाही, तेव्हा त्याला संख्येच्या रकान्यात ठेवायचं काहीच अडलेलं नसतं. तरी ठेवतात. मग एक्सेल सुरुवातीचं शून्य गिळतं, पंधराव्या अंकानंतरचे सगळे अंक शून्य करून टाकतं, आणि चीनमधला अख्खा कर्मचारीवर्ग एका रात्रीत शेपटीला तीन शून्यं लावून बसतो. नॉर्वे-डेन्मार्कसारख्या देशांत क्रमांक जन्मदिवसाने सुरू होतो; तिथे महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत जन्मलेल्यांचा एक अंक असाच हरवतो. तपासणी मग म्हणते, क्रमांक अवैध. बिघाड आपल्या घरातला, ठपका पाहुण्यावर.

माझाही बिघाड सांगतो. पोलंडच्या क्रमांकाची तपासणी लिहिताना मी महिना १ ते १२ मध्ये असावा अशी अट घातली. आता यात कुणाला काय वावगं दिसणार? पण पोलंडवाल्यांनी शतक दाखवण्यासाठी महिन्यातच आकडा मिळवायची पद्धत ठेवली आहे. २००० सालापासून जन्मलेल्यांच्या महिन्यात २० मिळवतात. जानेवारी म्हणजे २१, डिसेंबर म्हणजे ३२. माझ्या अटीने त्या देशातली सगळी लहान मुलं एका ओळीत नाहीशी केली. चाचणीत काही कळलं नाही, कारण चाचणीसाठी मी जे नमुने घेतले ते सगळे माझ्या वयाच्या माणसांचे होते. जवळजवळ वर्षभर ते तसंच चाललं. एकाही माणसाने तक्रार केली नाही, कारण तक्रारीच्या फॉर्मवरही हाच क्रमांक सक्तीचा होता.

गमतीची गोष्ट अशी की चांगली साधनं इतकी आडमुठी नसतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली स्टडनम ही मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोडचा संच, पुष्कळ देशांचे क्रमांक तपासते. क्रमांक नापास झाला तर ती कारण वेगळं करून सांगते : लांबी चुकली, साचा चुकला, तपासणी अंक जुळला नाही, की आतला एखादा भाग, म्हणजे तारीख वगैरे, अशक्य आहे. यातलं प्रत्येक कारण माणसाला काही वेगळं करायला सांगतं. लांबी चुकली तर एखादा अंक राहिलाय. तपासणी अंक जुळला नाही तर बहुधा उलटापालट झालीय. आतला भाग अशक्य असेल तर कदाचित आमचाच नियम जुना आहे. पण फॉर्म लिहिणारा यातलं काही न वाचता ‘बरोबर आहे का? हो की नाही?’ एवढंच विचारतो आणि चारही कारणं एका लाल ओळीत कोंबून मोकळा होतो. साधनाने दिलेली माहिती वापरणाऱ्याने कचऱ्यात टाकायची आणि दोष साधनाला द्यायचा, हे आमच्या धंद्यात रोजचंच आहे.

यावर कुणी म्हणेल, सैल सोडलं तर डेटाबेसचा उकिरडा होईल. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. रुग्णालयात एक अंक चुकला तर दुसऱ्याच रुग्णाची फाइल उघडते, त्याच्या रक्तगटासकट. पगाराच्या यादीत एक अंक चुकला तर कर भलत्याच्या नावावर भरला जातो. तपासणी अंक नसता तर अशा चुका कितीतरी पटीने झाल्या असत्या, आणि तो बसवणाऱ्यांचे आपण आभारच मानायला हवेत. जिथे पुढची सरकारी नोंदवही तो क्रमांक परत पाठवणारच आहे, तिथे आधीच अडवण्यातही शहाणपण आहे. पण अडवायचं की टोकायचं, हा निर्णय दर ठिकाणी वेगळा घ्यायचा असतो. आज तो कुणीच घेत नाही. सक्ती हे तयार खोक्यातून निघालेलं पहिलं बटण असतं, ते कुणी बदलत नाही, म्हणून सक्ती. आणि एका अंकाने जुळत नसलेला क्रमांक ‘शंकास्पद’ अशी खूण करून ठेवून घेतला तर डेटाबेस घाण होत नाही. उलट, फॉर्म पुढे सरकावा म्हणून हतबल माणसाने कुठलातरी बसणारा क्रमांक ठोकून दिला तर होतो, आणि ती घाण मग हिरव्या रंगाची असते, कधीच सापडत नाही.

खरेपणा हवा असेल तर त्याची हत्यारं वेगळी आहेत आणि ती तयारही आहेत. एस्टोनियाने २००२ पासून चिप असलेली कार्डं दिली. तिथे क्रमांक ही लपवायची गोष्टच नाही, गुपित आहे ते चिपमधल्या किल्लीत आणि माणसाला ठाऊक असलेल्या पिनमध्ये. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडवर डिजिटल सही असते, कोडमधल्या माहितीत एका अक्षराची फेरफार केली तरी सही मोडते. क्रमांक हे नाव आहे, सही हा पुरावा आहे. नावाचं शुद्धलेखन तपासून पुरावा मिळाला असं मानणं, हीच ती गल्लत.

आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवायलाच हवं. ‘तुमचा ओळख क्रमांक खरा आहे का, इथे तपासा’ म्हणणारी फुकट पानं इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत. तपासणी अंकाचं गणित तुमच्याच फोनमध्ये, नेट बंद ठेवून, सेकंदाच्या आत होतं. त्यासाठी क्रमांक कुठेही पाठवायची गरज नसते. जे पान तो आपल्या सर्व्हरवर मागवून घेतं, त्याला तपासणीखेरीज काहीतरी हवं आहे, निदान तसं समजून चालावं. चाचणीसाठी ‘बसणारे’ क्रमांक बनवून देणाऱ्या साधनांचंही तेच. ज्या देशात जन्मतारखेनुसार क्रमांक दाटीवाटीने वाटलेले आहेत, तिथे सूत्राने बनवलेला क्रमांक कुणा जिवंत माणसाचा निघण्याची शक्यता चांगलीच असते. नॉर्वेच्या करखात्याने यावर झकास तोड काढली आहे : चाचणीच्या बनावट क्रमांकांत महिन्यात ८० मिळवलेले असतात, म्हणजे ते खऱ्यांत मिसळूच शकत नाहीत. त्याच नॉर्वेने २०३२ पासून तपासणी अंकाचा नियम सैल होणार हेही कितीतरी आधी जाहीर करून ठेवलं आहे. आता २०३२च्या पहिल्या महिन्यात जन्मलेल्या बाळांना किती फॉर्म परत पाठवतात ते पाहायचं.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवरून ‘अवैध’ हा शब्द मी काढून टाकला आहे. आता तिथे येतं : ‘हा क्रमांक आमच्या हिशेबाशी जुळत नाही. एखादा अंक उलटा पडला आहे का, एकदा पाहाल?’ खाली दुसरं बटण आहे : ‘कार्डावर असाच आहे.’ ते दाबलं की फॉर्म पुढे जातो आणि क्रमांकाचे अंक झाकून, कारणापुरती नोंद माझ्या यादीत पडते. दर आठवड्याला मी ती वाचतो. बहुतेक नोंदी घाईच्या असतात, माणसाने चूक केलेली असते आणि न पाहताच बटण दाबलेलं असतं. एकदा मात्र एकाच आठवड्यात, एकाच देशाच्या, एकाच कारणाच्या सात नोंदी आल्या. मी त्या देशाची नियमपुस्तिका उघडली. ती माझ्याकडच्या प्रतीपेक्षा दोन आवृत्त्या पुढे गेलेली होती.